चपट्या वर्तुळाचे सर

दहावीच्या पहिल्या दिवशी सर वर्गात आले, हजेरीपुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ही दहावी अ आहे. कशावरून?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी धीर करून सांगितलं, "दारावर पाटी आहे, सर." सर दाराशी जाऊन पाटी वाचून आले. "पाटी कोणीही लावू शकतो. पुढे?" मग एकजण म्हणाला, हजेरीपुस्तकावर तसं लिहिलंय. "ते मीच लिहिलंय. माझ्यावर का विश्वास ठेवता?" तास संपेपर्यंत आम्हाला आम्ही दहावी अ आहोत हे सिद्ध करता आलं नाही. घंटा झाली तेव्हा सरांनी आधी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, मग खिडकीतून डोकावून शिपाई खरंच घंटेपाशी उभा आहे का ते पाहिलं आणि मगच खडू खाली ठेवला.

त्या दिवसापासून त्यांचं नाव 'कशावरून सर' पडलं, असं मी इतकी वर्षं सांगत आले. आमच्या आधीच्या बॅचची मुलं म्हणतात, ते नाव त्यांनी पाडलं. पुरावा दोघांकडेही नाही, तेव्हा तो वाद सोडून देते.

आमचं गाव नंदुरबार जिल्ह्यात, प्रकाशा गावाजवळ, तापीच्या काठावर. केळी, कापूस, ऊस आणि अलीकडे पपई. अशा गावात माणसं एकमेकांच्या शब्दावर चालतात. कुणी म्हटलं पाणी सुटलं, की मोटर चालू करायची. कुणी म्हटलं बस गेली, की घरी परतायचं. सर मात्र बस गेली असं चौघांनी सांगितलं तरी थांब्यावर पाचव्याची वाट पाहत उभे राहायचे, आणि एक-दोनदा बस खरोखर मागाहून आलीही होती, त्यामुळे त्यांची खोड आणखी पक्की झाली. पपई ते कच्चीच न्यायचे. विकणाऱ्याला गोड आहे का विचारण्यात काय अर्थ, तो नाही कशाला म्हणेल? "पिकताना मी पाहिली पाहिजे," असं म्हणून ते ती घरी कोनाड्यात ठेवायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावून आईला सांगायच्या, "लगीनना दिनले बी यास्नी माले दोनदा नाव इचारं!" गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी हळदीचे नाहीतर गोमूत्राचे गुण पाठवले की खाली सरांचा एकच शब्द यायचा. ग्रुप चालवणाऱ्यानं शेवटी वैतागून त्यांना काढून टाकलं. आपल्याला ग्रुपमधून कुणी काढलं असेल याबद्दलही सरांना पुढे बरेच दिवस दोन-तीन माणसांचा संशय होता.

भूमितीत तर त्यांचा संशय सगळ्यात आधी आकृतीवर. "आकृती गोड बोलते," ते म्हणायचे. "दिसतंय तसं असतंच असं नाही." म्हणून ते कर्कटक वापरायचे नाहीत. कर्कटकानं वर्तुळ नेटकं आलं की डोळे लगेच भुलतात आणि डोकं झोपी जातं, असं त्यांचं मत. ते हातानंच वर्तुळ काढायचे. त्यातून त्यांचा उजवा खांदा कधीतरी मोटारसायकलवरून पडून दुखावलेला. हात एका ठरावीक उंचीच्या वर जायचा नाही. त्यामुळे फळ्यावरचं प्रत्येक वर्तुळ वरच्या बाजूला डावीकडे बसकं व्हायचं, एका अंगावर दाबलेल्या पपईसारखं. वर्षभर तेच पाहून आमच्या हातांनाही तीच सवय लागली. घरी अभ्यास करताना मीसुद्धा वर्तुळ काढलं की ते त्याच जागी चपटं निघायचं. यात काही वावगं आहे हे आम्हाला कुणालाच कधी जाणवलं नाही, कारण वर्तुळ असंच असतं अशी आमची समजूत झाली होती.

पुस्तकात सिद्धतेचे दोन रकाने असतात, विधान आणि कारण. सरांच्या वर्गात दुसऱ्या रकान्याचं नाव 'कशावरून' होतं. आम्हीही तसंच लिहायचो.

त्या वर्षी त्यांनी सगळ्यात जास्त दिवस खर्च केले ते चक्रीय चौकोनावर. ज्याचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर आहेत तो चक्रीय चौकोन, आणि त्याच्या समोरासमोरच्या दोन कोनांची बेरीज नेहमी एकशे ऐंशी अंश. पुस्तकातली सिद्धता चार ओळींची आहे. सरांना चार ओळी संशयास्पद वाटायच्या. त्यांची सिद्धता वेगळी होती. केंद्रापासून चारही कोपऱ्यांना रेघा ओढायच्या. त्या सगळ्या त्रिज्या, म्हणजे सारख्या लांबीच्या. मग चार समद्विभुज त्रिकोण तयार होतात आणि प्रत्येकाच्या पायाशी दोन सारखे कोन असतात. त्या दोन जुळ्यांपैकी एक जातो समोरासमोरच्या एका जोडीकडे आणि दुसरा जातो उरलेल्या जोडीकडे. दोन्ही जोड्यांना सारखाच वाटा, म्हणून दोघींची बेरीज सारखी. चौकोनाचे चारही कोन मिळून तीनशे साठ, त्याचं निम्मं एकशे ऐंशी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. सर मात्र तिथं थांबले नाहीत. "केंद्र चौकोनाच्या आतच आहे, कशावरून?" त्यांनी विचारलं. "मी आत काढलंय म्हणून?"

मग त्यांनी आम्हाला मैदानावर नेलं. दोरीनं वर्तुळ आखलं आणि चार मुलांना त्याच्या एकाच बाजूला उभं केलं. आता केंद्र चौकोनाच्या बाहेर राहिलं. चारांतला एक त्रिकोणही चौकोनाबाहेर पडला आणि त्याचे कोन मिळवण्याऐवजी वजा करावे लागले. पण वजासुद्धा दोन्ही जोड्यांतून सारखंच होतं, त्यामुळे उत्तर बदलत नाही. हे ज्याला समजलं त्याला सगळं समजलं, आणि ज्यानं नुसतं पाठ केलं तो इथं सापडतो, असं सर म्हणाले. सरांचा मुलगा भूषण आमच्याच वर्गात होता. तो त्या दिवशी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला क्रिकेटचा चेंडू शोधत होता.

नंदुरबारला एक संस्था होती. ती खेड्यातल्या दहावीच्या मुलांची निवड परीक्षा घ्यायची आणि निवडलेल्यांना दोन वर्षं वसतिगृहात ठेवून विज्ञान शिकवायची. आमच्या गावात अकरावी होती ती फक्त कलाशाखेची. रोज नंदुरबारला जा-ये करायला भाऊ, म्हणजे माझे वडील, कधीच पाठवणार नव्हते. पण मुलींचं वसतिगृह वेगळं, शिस्तीचं, म्हणून एवढ्याला ते कसेबसे तयार झाले होते. तिथं नंबर लागला तर माझं विज्ञान, नाही लागला तर विषय संपला. आमच्या शाळेतून तिघांचा नंबर लागला: माझा, रोशनीचा आणि भूषणचा. भूषणचं नाव ऐकून सगळ्यांनाच थोडं आश्चर्य वाटलं, पण मास्तरांचा मुलगा म्हणून कुणी बोललं नाही.

आठवड्याभरानं मुख्याध्यापकांना फोन आला. तिघांच्या गणिताच्या उत्तरपत्रिकेत एक सिद्धता शब्दाशब्दानं सारखी होती, आणि ती पुस्तकातली नव्हती. तिघांनीही कारणाच्या जागी 'कशावरून' असं लिहिलं होतं. कहर म्हणजे तिघांचीही वर्तुळं एकाच जागी चपटी होती. तपासणाऱ्यांचं म्हणणं होतं की सारखं बरोबर उत्तर एकवेळ समजू शकतो, पण सारखं वाकडं वर्तुळ फक्त बघूनच काढता येतं. तिघांच्याही जागा थांबवल्या होत्या. शिक्षकांसह येऊन खुलासा करा, असा निरोप होता.

त्याच संध्याकाळी सर आमच्या दारात उभे राहिले. भाऊ अंगणात पपईच्या क्रेट धुवत होते. त्यांना वाटलं, मास्तर धीर द्यायला आले. सर ओट्यावर बसलेसुद्धा नाहीत. मला बाहेर बोलावून त्यांनी विचारलं, "जागृती, तू भूषणचं बघून लिहिलंस का?"

मला आधी ऐकूच आलं नाही, किंवा ऐकू आलं ते खरं वाटलं नाही. भाऊंच्या हातातली क्रेट खाली पडली. "मास्तर, मन्ही पोर चोर शे असं म्हनतस का तुम्ही?"

"म्हनत नही, इचारी ऱ्हायनू," सर म्हणाले. माझ्याकडे पाहताना मात्र त्यांनी पुन्हा शाळेतली भाषा धरली. "हो की नाही, एवढंच सांग."

"नाही," मी म्हणाले, आणि आत जाऊन रडले. वर्गात सगळ्यात आधी ती सिद्धता मला समजली होती, हे सरांना माहीत होतं. तरी पहिला संशय माझ्यावर! आणि तोही असा, की मी भूषणचं बघितलं! मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की त्या रात्री मी जेवले नाही. भाऊ म्हणाले, असल्या माणसाबरोबर नंदुरबारला जायची गरज नाही, जागा गेली तर गेली. आईनं त्यांना कसंबसं समजावलं.

नंदुरबारला बोलावणं येईपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. संशय साथीच्या तापासारखा पसरला. रोशनीनं माझ्याशी बोलणं सोडलं, कारण मी तिचं पाहिलं असं तिला वाटत होतं. परीक्षेत माझ्यामागच्या बाकावर भूषण बसला होता, आणि मला आता राहून राहून आठवायला लागलं की माझ्या मानेजवळ कुणाचा तरी श्वास लागत होता. खरंच लागत होता की आता मला तसं वाटतंय? सरांच्या वर्गात बसलेल्या मुलीला स्वतःच्या आठवणीवरही संशय घेता येतो, त्यामुळे मी कुणालाच काही बोलले नाही. भूषण रस्त्यात दिसला की मान खाली घालून गल्ली बदलायचा.

नंदुरबारच्या बसमध्ये सरांनी आधी वाहकाला, मग एका म्हाताऱ्या प्रवाशाला विचारून ही बस नंदुरबारचीच असल्याची खात्री करून घेतली. एरवी आम्ही हसलो असतो. त्या दिवशी चौघंही चार ठिकाणी बसलो.

संस्थेच्या कार्यालयात एक मॅडम होत्या आणि उत्तरपत्रिका तपासणारे एक गृहस्थ. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी चहा मागवला. त्या म्हणाल्या, "सर, तुमचं नाव आम्ही ऐकून आहोत. ही मुलं प्रामाणिक आहेत एवढं तुम्ही सांगा. तुमचा शब्द आम्हाला पुरे."

सर म्हणाले, "परीक्षेच्या खोलीत मी नव्हतो. मला माहीत नाही."

एक शब्द! एवढा एक शब्द दिला असता तर आम्ही सुटलो असतो, आणि या माणसाला तोही देववत नव्हता.

"मला माहीत आहे तेवढं दाखवतो," असं म्हणून सर भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याजवळ गेले आणि त्यांनी एक वर्तुळ काढलं. ते वर डावीकडे, ठरलेल्या जागी, चपटं झालं. तपासणाऱ्या गृहस्थांनी उत्तरपत्रिका उचलल्या, फळ्याकडे पाहिलं, पुन्हा उत्तरपत्रिकांकडे पाहिलं आणि ते मोठ्यानं हसायला लागले. मॅडमही हसल्या. "म्हणजे ही गोष्ट आहे होय! झालं तर मग, मिटलं."

रोशनीनं माझा हात धरला. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहत होती. आम्ही सुटलो होतो.

"मिटलं कसं?" सर म्हणाले. "आकृती माझी आहे, एवढंच सिद्ध झालं. सिद्धता त्यांची आहे, हे कुठे झालं? केंद्र बाहेर घ्या, आणि एकेकाला बोलवा."

मॅडमनी त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. मीही पाहिलं असेन. पण बोलून झालं होतं, आता मागे घेता येत नव्हतं. आम्हाला बाहेर बसवून एकेकाला आत घेतलं. रोशनी गेली आणि कपाळ पुसत बाहेर आली. मग मी गेले. भीतीनं माझं वर्तुळ चपटंसुद्धा आलं नाही, वेडंवाकडं आलं. पण त्रिज्या ओढल्या आणि बाहेर पडलेला तो चौथा त्रिकोण दिसला, तसा मैदानावरचा तो दिवस डोळ्यांपुढे उभा राहिला आणि भीती गेली. वजा दोन्हीकडून होतं, म्हणून काही बिघडत नाही. मी ते बोलून दाखवलं. सर फळ्याकडे पाहत होते, माझ्याकडे नाही. मला तिथंच थांबू दिलं, म्हणून पुढचं मी पाहिलं.

भूषण आला. त्यानं चारही रेघा ओढल्या, अक्षरं लिहिली आणि चारही त्रिकोणांचे कोन मिळवले. मग त्याला दिसलं की एक त्रिकोण चौकोनाच्या बाहेर आहे. तो थांबला. त्यानं पुसलं, पुन्हा मिळवलं, पुन्हा थांबला. मार्कर हातात तसाच राहिला.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "सर, याला हे आलं नाही म्हणजे यानं बघूनच लिहिलं, असं काही सिद्ध होत नाही."

"नाही होत," सर म्हणाले. ते खरंच होतं. त्यांच्याच नियमानं ते खरं होतं. मॅडमनी त्यांना मोठी वाट मोकळी करून दिली होती, आणि त्या वाटेनं तिघंही बाहेर पडू शकत होतो. सरांचा चेहरा एकदम मऊ झाला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ती वाट हवी होती, हे मला आजही शपथेवर सांगता येईल.

तेवढ्यात भूषण फळ्याकडे तोंड करूनच म्हणाला, "आप्पा, मी जागृतीनं पाहीसन लिखं."

सरांनी मान हलवली. मग उठून त्यांनी भूषणच्या हातातला मार्कर काढून घेतला, त्याला टोपण लावलं आणि तो टेबलावर ठेवला.

माझी आणि रोशनीची जागा कायम झाली. भूषणची गेली. परतीच्या बसमध्ये सर भूषणशेजारी बसले. दोघंही प्रकाशा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. भूषणनं गावातच कलाशाखेत नाव घातलं, ते मध्येच सोडून आयटीआय केलं आणि सुरतला एका कापडगिरणीत लागला. आता तिथं त्याचं बरं चाललंय.

मी विज्ञान केलं आणि पुढे संगणक शिकले. आता पुण्यात एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासते. ते चालतात असं लिहिणारा सांगतो आणि मी त्याचं ऐकत नाही. एवढ्याच गुणावर मला दोनदा बढती मिळाली. सगळं सरांचं देणं आहे हे मला कळतं. पण खरं सांगायचं तर आमच्या दारातली ती संध्याकाळ मी विसरले नव्हते. कुणी सरांचं कौतुक केलं की मीही करायचे, पण पहिला संशय माझ्यावर का, हा काटा आत तसाच होता. शंभर माणसांवर संशय घेणाऱ्याला आपला तेवढा अपवाद करता आला नाही, हे मनाला लागतंच.

परवाच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा सरांच्या घरापुढे टेम्पो उभा होता. काकू गेल्यापासून सर एकटेच होते. भूषण त्यांना कायमचं सुरतला न्यायला आला होता. सामान चढवून झालं होतं. सर रिकाम्या ओट्यावर बसले होते, बारीक झाले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं. इकडचं तिकडचं विचारून झालं. भूषण आत कुलूप लावत होता. त्याच्या पाठीकडे पाहत सर हळूच म्हणाले, "पोरी, त्या दिनले तुन्हाकडे पहिले वनू ना, ते घरमा इचारानी हिंमत नही व्हयनी म्हनीसन."

शाळेत त्यांनी माझ्याशी ही भाषा कधी वापरली नव्हती. अख्ख्या गावाला प्रश्न विचारणाऱ्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात बसलेल्या एका मुलाला एक प्रश्न विचारवला नव्हता, आणि तो टाळण्यासाठी ते चपला घालून माझ्या दारापर्यंत चालत आले होते. मी वाकून नमस्कार केला. डोळे भरून आले होते, म्हणून वर पाहायला थोडा वेळ लावला.

भूषण किल्ली घेऊन बाहेर आला. "चाला, आप्पा," तो म्हणाला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, आणि पाय कुठे पडतोय ते न पाहता ते त्याच्याबरोबर ओट्याच्या पायऱ्या उतरले.